अमेरिकेची दुसरी घटनादुरुस्ती मराठीत आणताना : 'असल्यामुळे' लिहू की आणखी काही?

हडसनकाठ (धागाकर्ता)

लेक नववीत आहे, जर्सीतल्या सरकारी शाळेत. इतिहासाच्या बाईंनी गृहपाठ दिलाय : घटनेतल्या हक्कांपैकी एक कलम घरी बोलतात त्या भाषेत आणा, आणि आणताना कुठे अडलात ते लिहा. वर्गातल्या बहुतेकांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्य घेतलं. आमच्या बाईसाहेबांनी बंदूक उचलली. सत्तावीस शब्दांचं एक वाक्य, त्याला कितीसा वेळ लागणार म्हणून जेवायच्या आधी बसलो. पोळ्या गार झाल्या, वाक्य काही झालं नाही.

पहिला प्रयत्न :
"स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी सुनियंत्रित नागरी सेना आवश्यक असल्यामुळे, शस्त्रे बाळगण्याच्या व वागवण्याच्या लोकांच्या हक्कावर गदा येता कामा नये."

लेक म्हणाली, "बाबा, 'असल्यामुळे' कुठे आहे त्यात? तिथे नुसतं 'बीइंग' आहे." मग दुसरा : "...नागरी सेना आवश्यक आहे. आणि शस्त्रे बाळगण्याच्या हक्कावर..." वगैरे. तिसरा तिनंच केला : "...आवश्यक आहे तोवर..." तिन्ही वाक्यं चुकीची नाहीत आणि तिन्हींचा अर्थ वेगळा. पहिल्यात सेना हे कारण, दुसऱ्यात दोन सुट्या गोष्टी शेजारीशेजारी, तिसऱ्यात हक्काला मुदत. इंग्रजीतला तो 'बीइंग' तिन्ही अर्थ पोटात घालून गप्प बसतो. मराठीत मला आधी निकाल द्यावा लागतो, मग वाक्य लिहिता येतं.

जाणकारांना दोन प्रश्न. कोर्टानं यातला कोणता अर्थ धरला? आणि 'मिलिशिया'ला काय म्हणायचं? नागरी सेना म्हटलं की डोळ्यांपुढे होमगार्ड येतो.

फुटाणे_आणि_मी

फुटाणे घेऊन बसलोय. बंदुकीचा धागा आणि पन्नास प्रतिसादांपर्यंत शांतता? बघूच.

वकिलीणबाई

@हडसनकाठ, लेकीला शाबासकी द्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २००८ साली नऊ न्यायमूर्ती याच 'बीइंग'वरून पाच विरुद्ध चार असे फुटले.

घरगुती उदाहरण देते. समजा, एका सोसायटीच्या नियमावलीत १९८५ साली लिहिलंय : "नळाला दिवसाआड पाणी येत असल्यामुळे, सभासदांच्या गच्चीवर स्वतःची टाकी ठेवण्याच्या हक्काला समितीने हात लावू नये." आज चोवीस तास पाणी आहे आणि समितीला टाक्या उतरवायच्या आहेत. एक सभासद म्हणतो, कारण संपलं, हक्क संपला. दुसरा म्हणतो, अहो, कारण नुसतं सांगून ठेवलंय, अट कुठे घातलीय? हात लावू नये म्हणजे लावू नये.

'डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर' या खटल्यात न्या. स्कालिया दुसऱ्या सभासदाच्या बाजूनं बोलले. वाक्याचा पहिला भाग हेतू सांगतो, दुसरा हक्क देतो, आणि हेतूनं हक्काला कुंपण पडत नाही. शिवाय हा हक्क घटनेनं निर्माण केलेला नाही. तो आधीपासून होता, घटनेनं फक्त त्याला हात लावायला मनाई केली. न्या. स्टीव्हन्स पहिल्या सभासदाच्या बाजूचे : घटना लिहिणाऱ्यांनी ती सुरुवात शोभेसाठी लिहिली नव्हती, हक्क सेनेपुरताच आहे. न्या. ब्रेयर म्हणाले, हक्क आहे असं धरलं तरी खून-दरोड्यांनी गांजलेल्या शहरानं पिस्तुलावर बंदी घातली तर ती रास्तच.

त्याआधी सत्तरेक वर्षं पहिल्या सभासदाचंच चालत होतं. १९३९ च्या मिलर खटल्यात कोर्टानं विचारलं, नळी कापून आखूड केलेल्या शॉटगनचा सुनियंत्रित सेनेशी संबंध काय? गंमत म्हणजे त्या खटल्यात मिलरच्या बाजूनं कोर्टात कोणी उभंच राहिलं नव्हतं. एकतर्फी युक्तिवादावर निघालेला निकाल आणि त्यावर खालची कोर्टं दोन पिढ्या चालली.

हेलर कोण, तर वॉशिंग्टनमधला सुरक्षारक्षक. दिवसभर सरकारी इमारतीत कमरेला पिस्तूल लावून पहारा, संध्याकाळी ते जमा करून घरी. १९७६ च्या शहर-कायद्यामुळे घरी पिस्तूल ठेवता येईना. मूळ दाव्यात सहा जण होते, त्यातला हा एकटा तगला, कारण यानंच रीतसर नोंदणीचा अर्ज करून नकार पदरात पाडून घेतला होता. बाकीच्यांची नुसतीच इच्छा होती. वकिली करणाऱ्यांना माहीत असेल, नकाराचा शिक्का असलेला एक कागद किती कामाचा असतो.

स्वल्पविराम

लोक त्या वाक्यातल्या स्वल्पविरामांवरूनही भांडलेत बरं का. एका प्रतीत तीन आहेत, एका प्रतीत एकच. लेखनिकानं हात मोकळा सोडला की आवळला, एवढाच फरक. खालच्या कोर्टात याच खटल्यात दुसऱ्या स्वल्पविरामाला साक्षीला उभं केलं होतं. माझ्या नावाचं इतकं वजन आयुष्यात दुसरीकडे कुठेच नाही.

तळटीप

'मिलिशिया'साठी माझा शब्द : शिलेदार.

हसू नका, नीट बघा. आपल्याकडे घोडदळात दोन प्रकार. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळायचं. शिलेदार आपला घोडा, आपलं हत्यार घेऊन चाकरीला यायचा. आता अमेरिकेचा १७९२ चा मिलिशिया कायदा बघा. अठरा ते पंचेचाळीस वयाच्या धडधाकट गोऱ्या पुरुष नागरिकानं स्वतःची मस्केट, स्वतःच्या गोळ्या, स्वतःचा झोळा घेऊन हजर व्हायचं. खर्च ज्याचा त्यानं करायचा. म्हणजे शिलेदारच. ('गोऱ्या' हा शब्द कायद्यातलाच आहे, त्याकडे मी पुन्हा येणार आहे.)

हा शब्द वापरला की गाठ कुठे आहे ते दिसतं. शिलेदाराच्या घरातली बंदूक काढून घेतली की सेनाच संपली. म्हणून वाक्याचा पहिला अर्धा आणि दुसरा अर्धा त्या काळी एकमेकांना चिकटलेले होते, कोणाला 'बीइंग' खटकायचं कारणच नव्हतं. पुढे १९०३ च्या कायद्यानं नॅशनल गार्डला, म्हणजे राज्यांच्या राखीव सेनेला, आजचं रूप आलं. गार्डच्या रायफली सरकारी शस्त्रागारात असतात, कवायतीच्या दिवशी मिळतात, संध्याकाळी परत. शिलेदाराचा बारगीर झाला. आता प्रश्न असा : शिलेदारी गेली, मग घरच्या घोड्याचा हक्क राहिला की गेला? हेलरच्या निकालात बहुमतानं सांगितलं, राहिला. आणि तो मुख्यतः घरात स्वतःच्या रक्षणासाठी आहे. म्हणजे लढाईचा घोडा आता दाराशी बांधायचा.

हडसनकाठ

शिलेदार! लेकीला सांगितल्यावर ती पहिल्यांदाच मराठी इतिहासाच्या पुस्तकाबद्दल काहीतरी चांगलं बोलली.

टेक्सासवाला_नाना

तळटीपराव, उदाहरण फक्कड, पण एक राहिलं. आजच्या केंद्रीय कायद्यातसुद्धा मिलिशियाचे दोन भाग आहेत. संघटित म्हणजे गार्ड वगैरे, आणि असंघटित म्हणजे सतरा ते पंचेचाळीसचे बाकी सगळे धडधाकट पुरुष. कागदावर शिलेदार अजून आहेत.

माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे नंतर कोणी खोदायला नको. सव्वीस वर्षं इथे, आठ वर्षांपूर्वी नागरिक झालो, घरात एक पिस्तूल आणि एक शॉटगन, दोन्ही तिजोरीत. महिन्यातून एकदा नेमबाजीच्या रेंजवर जातो. सौ. ना पटत नाही. आमच्या मंडळाचा गणपती भाड्याच्या हॉलमध्ये असतो. दारावर कायमचा फलक आहे, तीस पॉइंट शून्य सहा. टेक्सासच्या दंडसंहितेतलं कलम. परवानाधारकानं लपवलेलं पिस्तूल आत आणू नये, असं इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, अक्षरं कमीत कमी इंचभर उंचीची. इंचापेक्षा लहान अक्षरांचा फलक कायद्यात बसत नाही. पहिल्या वर्षी सजावटवाल्या पोरांनी त्यावर झेंडूची माळ सोडली, तेव्हा हॉलचा मॅनेजर धावत आला होता. दरवर्षी आता तोरण त्या फलकाच्या वरून जातं.

मुद्दा. भारतातून आलेल्या माणसाला वाटतं, बंदूक कशाला, पोलीस आहेत ना. कॅसल रॉकचा निकाल वाचा, २००५. कोलोरॅडोतली बाई. नवऱ्याविरुद्ध कोर्टाचा मनाई हुकूम हातात होता. त्यानं तीन मुलींना उचलून नेलं. ती रात्रभर पोलिसांना फोन करत राहिली. पोलीस म्हणाले, वाट बघा. पहाटेपर्यंत तिन्ही मुली गेल्या. सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोननं सांगितलं की हुकुमाची अंमलबजावणी पोलिसांकडून करून घ्यायचा घटनात्मक हक्क तिला नाही. सरकार माझ्या रक्षणाची हमी देत नसेल, तर माझं साधन तरी काढून घेऊ नका. एवढंच म्हणणं आहे माझं. काउबॉय नाही मी, गुडघे दुखतात.

किंडरगार्टनची_आई

नाना, कॅसल रॉक वाचून पोटात कालवलं. पण साधनाचं म्हणाल तर युवाल्डी बघा. तुमच्याच राज्यातल्या शाळेतला गोळीबार, मे २०२२. एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका. पावणेचारशेच्या आसपास पोलीस जमले होते, बंदुका-चिलखतांसकट, आणि वर्गाचं दार उघडायला सत्त्याहत्तर मिनिटं लागली. साधन होतं की सगळ्यांकडे.

आमच्याकडे शाळेत लॉकडाउनचा सराव असतो, म्हणजे कोणी बंदूक घेऊन शिरलं तर लपायचा. बाई दिवे घालवतात, दाराच्या काचेवर काळा कागद ओढतात, सगळ्यांनी कोपऱ्यात गालिच्यावर बसायचं, आवाज नाही. दिवाळीला माझ्या आईनं पुण्याहून लेकाला बूट पाठवले, चालताना टाचेत लाल दिवे लुकलुकतात तसले. महिनाभर पठ्ठ्या घालून झोपायचा बाकी होता. सरावाच्या दुसऱ्या दिवशी म्हणाला, हे शाळेत नको. का रे? "ते बंद होत नाहीत आई. मी लपलो तरी दिसेन."

आईला फोनवर सांगितलंय की लहान झाले.

फुटाणे_आणि_मी

फुटाणे बाजूला ठेवले.

टेक्सासवाला_नाना

ताई, यावर काय बोलणार. माझी नात पुढच्या वर्षी बालवर्गात जाईल.

नवा_व्हिसा

विषय थोडा सोडून विचारतो, रागावू नका. मी एच-वन-बी वर डॅलसला आहे. ऑफिसातला मित्र शनिवारी रेंजवर चल म्हणतोय. 'लोकांचा हक्क' म्हणजे माझाही का?

वकिलीणबाई

बरं झालं विचारलंत. थांबा. केंद्रीय कायद्यानुसार बिगरस्थलांतरित व्हिसावर आलेल्या माणसाला, म्हणजे एच-वन, एच-फोर, विद्यार्थी सगळे, बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायला मनाई आहे. मोजके अपवाद आहेत. त्यातला नेहमीचा म्हणजे तिथल्या राज्याचा शिकारीचा परवाना. हो, हरणं मारायचा परवाना खिशात असला की दार उघडतं, तुम्ही आयुष्यात हरणाला गवतसुद्धा टाकलं नसलं तरी. "भाड्याची होती, पाचच मिनिटं हातात धरली" हा बचाव म्हणून लंगडा आहे. शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत, आणि व्हिसाचं जे होईल ते वेगळंच. ग्रीनकार्डवाल्यांना ही मनाई नाही.

आणि कृपा करून धाग्यावरच्या सल्ल्यावर रेंजला जाऊ नका. तिथल्या वकिलाला फी द्या.

नवा_व्हिसा

मित्राला बोलिंगला चल म्हणालो.

तळटीप

'गोऱ्या'कडे येतो म्हणालो होतो.

१८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालात मुख्य न्यायमूर्ती टॉनी यांनी कृष्णवर्णीय नागरिक का असू शकत नाहीत याची जी कारणं दिली, त्यात एक होतं : नागरिक म्हटलं तर ते कुठेही शस्त्र घेऊन फिरू शकतील. म्हणजे शस्त्र बाळगणं ही नागरिकत्वाची खूण आहे हे तेव्हा मान्य होतं, फक्त ती कोणाला द्यायची नाही हे ठरलेलं होतं. यादवी युद्धानंतर चौदावी घटनादुरुस्ती आली. १८७३ ला लुइझियानात कोलफॅक्स इथे गोऱ्यांच्या टोळीनं कृष्णवर्णीयांची कत्तल केली, खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १८७६ ला कोर्ट म्हणालं, दुसरी दुरुस्ती फक्त केंद्र सरकारला बांधते. खासगी टोळीनं हत्यारं हिसकावली तर आमच्याकडे येऊ नका.

तो धागा २०१० ला मॅक्डोनल्ड खटल्यात कुठे येऊन पोचला पाहा. शिकागोतले ओटिस मॅक्डोनल्ड, सत्तरी ओलांडलेले कृष्णवर्णीय गृहस्थ, वस्तीत चोऱ्या, घरी पिस्तूल ठेवायला शहराची बंदी. पाच विरुद्ध चारनं कोर्टानं सांगितलं, हा हक्क राज्यांवर आणि शहरांवरही बंधनकारक आहे. न्या. थॉमस यांनी आपलं वेगळं मत लिहिलं, त्यात कोलफॅक्स येतं.

आणि उलटंही ऐका. मे १९६७, ब्लॅक पँथर संघटनेचे लोक उघड्या बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात शिरले. भरल्या बंदुका घेऊन रस्त्यावर फिरायला बंदी करणारा कायदा तेव्हा चर्चेत होताच, तो झटपट मंजूर झाला. सही राज्यपाल रीगन यांची. बंदुकीच्या हक्काचा कैवार कोण घेतो हे बंदूक कोणाच्या हातात आहे त्यावरून ठरतं, हा माझा खडूस निष्कर्ष. दिवे घ्या.

ठासणी

सिंधुदुर्गातून. रोज वाचतो, लिहितो कमी.

आमच्या आजोबांची ठासणीची बंदूक आहे, शेतीसंरक्षणाचा परवाना. डुकरं भातात शिरली की रात्रीत अर्धा कुणगा लोळवतात. आता वडिलांच्या नावावर. परवान्याच्या पुस्तकाची पानं सुटी झालीत, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो. निवडणूक लागली की नोटीस येते, बंदूक ठाण्यात जमा करा. वडील गोणपाटात गुंडाळून एसटीनं घेऊन जायचे, आता मी मोटरसायकलनं नेतो. पावती घ्यायची, निकाल लागल्यावर परत आणायची. एका वर्षी परत आणली तर दस्त्याला दुसऱ्याच माणसाच्या नावाची चिठ्ठी. हवालदार म्हणाला, बंदूक तुमचीच आहे ना, मग चिठ्ठीचा काय घेऊन बसलास?

माझो प्रश्न सरळ आसा. आमच्या घटनेत असो हक्क का नाय? कोणी मागितलोच नव्हतो का?

वकिलीणबाई

मागितला होता! आणि मागणारे मध्य प्रांत-वऱ्हाडातून निवडून आलेले होते : ह. वि. कामत. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत त्यांनी उपसूचना मांडली की स्वातंत्र्याच्या हक्कांत शस्त्र बाळगण्याचा हक्कही घाला, नियमांच्या अधीन राहून. आधार होता काँग्रेसच्याच १९३१ च्या कराची ठरावाचा. त्या ठरावात हा हक्क खरोखरच होता. इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याचा राग तेव्हा ताजा होता.

उत्तर डॉ. आंबेडकरांनी दिलं. वाटेल त्यानं बाजारात जाऊन वाटेल ते हत्यार विनाअडथळा विकत घ्यायचं, असा हक्क दिला तर राज्य चालेल कसं, हा त्यांचा रोख. आणि त्याच भाषणात त्यांनी बाजू उलटी फिरवली : बदललेल्या परिस्थितीत आपण आग्रह धरायचा तो शस्त्र धारण करण्याच्या हक्काचा नाही, कर्तव्याचा. राज्याला गरज पडली तर नागरिकानं शस्त्र उचललं पाहिजे. बघा, तळटीपरावांचा शिलेदार इथेही आला, पण हक्क सोडून फक्त चाकरी घेऊन. उपसूचना फेटाळली गेली. आपल्या घटनेत शस्त्राचा उल्लेख आहे तो कलम १९ मध्ये, 'विनाशस्त्र' जमण्याच्या हक्कात, आणि कलम २५ मध्ये शिखांच्या कृपाणाबद्दल.

तुमच्या ठासणीबद्दल : १९५९ च्या शस्त्र अधिनियमात कलम १३ चं तिसरं पोटकलम आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली तर परवाना 'द्यावा' अशी भाषा. म्हणजे हक्काच्या जवळ जाणारं काहीतरी आहे, पण ते संसदेनं दिलेलं आहे आणि संसद काढून घेऊ शकते.

स्वल्पविराम

रच्याकने, अमेरिकेतले बंदूकप्रेमी गांधीजींना आपल्या बाजूनं उभं करतात हे माहीत आहे का? साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा हे इंग्रजांचं सर्वांत काळं कृत्य, असं त्यांचं वाक्य फिरवतात. वाक्य खरं आहे. फक्त ते १९१८ सालचं, खेडा जिल्ह्यात इंग्रजांच्या फौजेसाठी सैनिक भरती करतानाच्या पत्रकातलं. सैन्यात या, म्हणजे शस्त्र शिकाल, असा तो सगळा मामला. घरात पिस्तूल ठेवायचा नव्हे.

बेळगावकर_आबा

वकिलीणबाई, कोडगूचे लोक विसरलात. कोडवांना परवान्यातून सूट आहे, पिढ्यान्‌पिढ्या. त्यांच्याकडे बंदुकीची पूजा होते.

वकिलीणबाई

आबा, बरोबर. पण ती सरकारी अधिसूचनेनं दिलेली सूट आहे. घटनात्मक हक्क तो नव्हे.

ठासणी

म्हणजे आमका हक्क नाय, पण डुकरांमुळे सवलत आसा. 'डुकरे असल्यामुळे'. हडसनकाठभाऊ, तुमचो शब्द मिळालो.

हडसनकाठ

हाहाहा. हे लेकीच्या गृहपाठात जाणार.

पण माझा अजून एक प्रश्न आहे. आमच्या गावात बंदूक घ्यायला लागणारं ओळखपत्र काढायचं तर पोलीस ठाण्यात अर्ज, बोटांचे ठसे, नात्यात नसलेल्या दोन माणसांचे दाखले, आणि पिस्तूल हवं तर प्रत्येक पिस्तुलाला वेगळा परवाना. हक्क आहे म्हणता, मग हे सगळं कसं चालतं?

वकिलीणबाई

कारण स्कालियांनी हेलरमध्येच लिहून ठेवलं की हक्क अमर्याद नाही. गुन्हेगारांना, मनोरुग्णांना मनाई, शाळा-सरकारी इमारतींत बंदी, हे सगळं शाबूत. भांडण त्यापुढे सुरू झालं : कुठला नियम चालतो आणि कुठला नाही, हे मोजायचं कशानं?

२०२२ च्या ब्रुएन निकालात, सहा विरुद्ध तीननं, न्यूयॉर्कच्या जुन्या कायद्यातली एक अट पडली. तिथे बाहेर पिस्तूल बाळगायला 'सबळ कारण' दाखवावं लागे. आपल्या जिल्हाधिकारी कचेरीत विचारतात ना, "कशाला हवी? जिवाला धोका आहे का? कोणापासून?" नेमकं तेच. कोर्ट म्हणालं, घटनात्मक हक्क वापरायला कारण सांगावं लागत नाही. म्हणजे आपल्याकडे अधिकारी विचारतो 'का द्यावी', आणि तिकडे आता त्यानं फक्त 'का देऊ नये' एवढंच शोधायचं.

पण त्याच निकालात न्या. थॉमस यांनी नवं मापही दिलं : आजचा निर्बंध टिकायचा तर तसला निर्बंध अमेरिकेच्या जुन्या परंपरेत होता हे सरकारनं दाखवायचं. झालं, सरकारी वकील दफ्तरखान्यात घुसले. न्यायमूर्ती १३२८ च्या नॉर्थॅम्प्टनच्या इंग्रजी कायद्यावर खल करताहेत, असं दृश्य. आपल्याकडे जमिनीच्या दाव्यात पेशव्यांच्या काळातली सनद काढतात तसं.

किंडरगार्टनची_आई

आणि १७९१ मध्ये नवऱ्यानं बायकोला मारणं हा कोणाला गुन्हाच वाटत नव्हता, मग त्यासाठी बंदूक काढून घेणारा कायदा कुठून सापडणार?

वकिलीणबाई

अगदी हाच खटला पुढे आला, ताई. रहीमी नावाचा टेक्सासचा माणूस. मैत्रिणीला मारहाण, कोर्टाचा मनाई हुकूम, त्यानंतर जागोजागी गोळीबार. असा हुकूम असलेल्यानं बंदूक बाळगू नये, हा केंद्रीय कायदा. ब्रुएनचं माप लावून खालच्या अपील कोर्टानं २०२३ मध्ये तो कायदाच घटनाबाह्य ठरवला, कारण जुन्या काळात तसा जुळा कायदा सापडेना! जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एकनं ते फिरवलं. मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स म्हणाले, जुळा भाऊ शोधू नका, तत्त्व जुळलं की पुरे. आणि तत्त्व सापडलं कुठे, तर जुन्या जामीनकायद्यांत. ज्याच्यापासून शांततेला धोका, त्याच्याकडून मुचलका घ्यायचा.

म्हणजे चॅप्टर केस हो! निवडणूक किंवा गणपती आले की आपल्याकडे तालुक्याला बोलावून 'शांतता राखीन' म्हणून बाँड घेतात ना, तोच प्रकार. अमेरिकेतल्या बायकांना संरक्षण मिळालं ते चॅप्टर केसच्या आजोबांमुळे. एकटा विरोध कोणाचा? ज्यांनी ब्रुएन लिहिला त्या थॉमस यांचाच. माप त्यांचं, आणि मोजणी त्यांना पटली नाही.

मला विचाराल तर हे माप पहिल्यापासून वाकडं आहे. इतिहास शोधायचं काम इतिहासकाराचं, आणि तोही 'बहुधा' म्हणून थांबतो. न्यायमूर्तीला 'बहुधा' म्हणून चालत नाही.

टेक्सासवाला_नाना

रहीमीच्या निकालावर मीही खूश. असल्या माणसाच्या हातात बंदूक नको हे रेंजवरचे सगळे म्हणतील. पण ब्रुएनचं म्हणाल तर 'सबळ कारण' कोणाला मिळायचं ते बघा. न्यूयॉर्कात बड्या धेंडांना मिळायचं. रात्री दुकान बंद करून गल्ला घेऊन घरी जाणाऱ्याला नाही. परवाना साहेबाच्या मर्जीवर ठेवला की मर्जीतल्यांनाच मिळतो. हे आपल्याला कोणी शिकवायला हवं का?

ठासणी

नानांका ह्या एका वाक्याक अनुमोदन.

प्रश्नचिन्ह

एवढं रामायण, मग ते वाक्यच का बदलत नाहीत? आपण शंभराच्या वर घटनादुरुस्त्या केल्या.

तळटीप

संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश, आणि मग पन्नासपैकी अडतीस राज्यांची मंजुरी. तेरा राज्यं हाताची घडी घालून बसली की संपलं. स्टीव्हन्स निवृत्तीनंतर, २०१८ मध्ये, वृत्तपत्रात लेख लिहून म्हणाले की ही दुरुस्ती रद्दच करा. सत्त्याण्णव वर्षांचा माणूस. टाळ्या मिळाल्या, बाकी काही नाही. दोन-दोन सिनेटर प्रत्येक राज्याला, वायोमिंगला दोन आणि कॅलिफोर्नियालाही दोन, हे गणित डोक्यात ठेवा म्हणजे उत्तर आपोआप येतं.

धागापाल

दोन प्रतिसाद उडवले आहेत. अमेरिकेतल्या दोन्ही पक्षांच्या नेत्यांबद्दल जे म्हणायचं ते त्या त्या धाग्यावर. इथे कायदा आणि भाषांतर.

हडसनकाठ

गृहपाठ काल दिला. सगळ्यांचे आभार. शेवटी बाईसाहेबांनी माझे तिन्ही प्रयत्न बाजूला सारून स्वतःचं लिहिलं. अक्षर तिरकं, ऱ्हस्व-दीर्घ मी सुधारलेले, शब्द तिचेच :

"मोकळ्या राज्याच्या रक्षणाला शिस्तीतले शिलेदार लागतात; लोकांचा शस्त्र ठेवण्याचा आणि वागवण्याचा हक्क मोडायचा नाही."

खाली 'कुठे अडलं' या रकान्यात शिलेदार-बारगीर, सोसायटीची टाकी (बाईंना इंग्रजीत समजावताना टाकीचं झाडांची कुंडी झालं, कारण इथे कोणाच्या गच्चीवर टाकी नसते), आणि सिंधुदुर्गातली डुकरं. सगळ्यात शेवटी एक ओळ : "मधला अर्धविराम माझा आहे. मूळ वाक्यात नाही. मला दुसरं काही सुचलं नाही."

स्वल्पविराम

आमच्या घराण्यातला निघाला की. शाबास पोरी.

वकिलीणबाई

तिला सांगा, अर्धविराम टाकून ती स्कालियांच्या जवळ गेली. मी 'असल्यामुळे'वरच राहिले असते.

हडसनकाठ

सांगितलं. म्हणाली, मग तुमच्या मैत्रिणीला सांगा, 'असल्यामुळे' पण मूळ वाक्यात नाही.

ठासणी

आज परत नोटीस इली. उद्या ठाण्यावर जाऊचा आसा. ह्या खेपेक चिठ्ठी मी घरसूनच लिहून दस्त्याक बांधतंय.